मागच्या सीटवरचा राखणदार

गेल्या श्रावणात आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर एक गृहस्थ येऊन बसले, ते उतरायलाच तयार होईनात. ते दिसत नव्हते, ही त्यातल्या त्यात सोय.

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. (रत्नागिरीत निम्म्या लोकांना मी नकाशे भरायला लावलेत आणि उरलेल्या निम्म्यांना बाकावर उभं केलंय.) आयुष्यभर मुलांकडून परक्या देशांच्या राजधान्या पाठ करून घेतल्या, पण स्वतः गोव्याच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. म्हणून निवृत्त झाल्यावर मी घरात जाहीर केलं की आपण आयर्लंडला जायचं. तेही कुणाच्या झेंड्यामागून मेंढरांसारखं नव्हे, तर स्वतः गाडी चालवत! डब्लिनला उतरायचं, भाड्याची गाडी ताब्यात घ्यायची, देश आडवा ओलांडून पश्चिम किनारा गाठायचा आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे उतरत यायचं. एक आठवडा.

"आयर्लंडच का?" शुभानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, विचारलं.

"तिकडे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. पाऊस आपल्यासारखाच. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि मधे गुरं."

"मग तेच बघायला एवढ्या लांब कशाला? संध्याकाळी हातखंब्यापर्यंत जाऊन येऊ की!"

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. खरं कारण होतं ताई. ताई माझी थोरली बहीण. आमचे भाऊजी मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत होते. सुट्टीवर आले की ओटीवर बसून ताईला सांगायचे, "तिकडचे कडे म्हणजे आपला सडाच गं, तसंच सपाट कातळाचं पठार. पण चालता चालता एकदम संपतो, आणि खाली थेट समुद्र. तुला नेऊन दाखवीन एकदा." ते दाखवायचं राहिलं आणि भाऊजीच गेले. तेव्हापासून ताई आमच्याकडे असते. तिनं कधी साधी साडीसुद्धा मागितलेली नाही. पण मी जगाचा नकाशा टेबलावर पसरला, तेव्हा ती हात पुसत आली, आयर्लंडच्या पश्चिम काठावर तिनं बोट टेकवलं आणि म्हणाली, "इथे जाता येईल का रे दिगू?" मला एकदम भरून आलं. त्या एका वाक्यासाठी मी तिला चंद्रावरसुद्धा नेलं असतं. (चंद्रावर गाडी भाड्यानं मिळत नाही, एवढंच.)

मग मी योजनेला लागलो. आता योजना करणं हा माझा स्वभाव आहे की आजार, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. कुठल्या दिवशी किती अंतर कापायचं, कुठे चहा प्यायचा, पाऊस आला तर कुठे थांबायचं, नाही आला तर कुठे थांबायचं, सगळं ठरलं. ऑटोमॅटिक गाड्या तिकडे फार कमी मिळतात, आणि गिअर बदलायची सवय आम्हा दोघांनाही राहिलेली नाही, म्हणून मिळाली ती छोटी ऑटोमॅटिक मी झटकन राखून ठेवली. तिकडे गाडी चालवायचा परवाना शुभानंही काढला होता, पण तो आपला केवळ शोभेला, अशी माझी समजूत होती. वाचता वाचता असंही कळलं की तिकडचे काही लोक रानातल्या एकट्या काटेरी झाडाला अजून हात लावत नाहीत. त्याखाली कुणीतरी राहतं म्हणे, त्याला राग येतो. मी पोट धरून हसलो. "बघा, युरोपात राहून काय ही अंधश्रद्धा!" असं म्हणून मी गाडी काढली आणि ग्रामदेवीला गाऱ्हाणं घालायला आम्ही गावी निघालो.

आमचं गाव हातखंब्याच्या अलीकडे आत, सड्यावर आहे. कोकणात घरातून कुणी लांब निघालं की गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायची रीत आहे. देवीला सांगायचं की बाई, आम्ही निघालो, लक्ष असू दे. खरं तर व्हिसा अजून यायचा होता. पण मी म्हटलं, कामं आधी उरकलेली बरी.

गाऱ्हाणं घालणारे भिकाजीकाका गुरव. आवाज असा, की देवीला ऐकू गेलं नाही तरी पलीकडच्या गावाला नक्की जाणार. त्यांनी कमरेचा मोबाईल बंद केला, नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली.

"बा देवी म्हाराजा! ह्यो तुजा लेकरू दिगंबर मास्तर आपली बायको न् भैन घेऊन साता समुंदरापल्याड चाल्लाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सभामंडपात टेकलेली चारदोन माणसं म्हणाली.

"तर तुज्या राखणदाराला सांग, त्यास्नी आपल्या वेशीपातूर सोबत कर, न् वेशीवर फुडच्या हद्दीच्या राखणदाराच्या हाती सोपव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे गप्प बसायला काय हरकत होती मला? पण नाही. माझ्यातला भूगोलाचा शिक्षक उठून उभा राहिला. आमच्याकडे प्रत्येक गावच्या हद्दीला एक राखणदार असतो. उंच, पांढरं धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी. दिवेलागणीनंतर तो हद्दीवरून फिरतो. त्याची काठी वाजली की लोक निर्धास्त होतात आणि त्या दिशेला बघायचं टाळतात. वाटसरूला तो वेशीपर्यंत पोचवतो आणि तिथून पुढच्या गावचा राखणदार त्याला ताब्यात घेतो. या सगळ्या व्यवस्थेतली त्रुटी मला तत्क्षणी दिसली.

"थांबा काका," मी म्हटलं. "हे मुंबईपर्यंत ठीक आहे. पुढे समुद्र आहे. आयर्लंडच्या हद्दीत आम्हाला ताब्यात घेणार कोण?"

भिकाजीकाका नारळ हातात घेऊन तसेच राहिले. "म्हंजे?"

"म्हणजे आपल्याच राखणदाराला बरोबर पाठवा. पूर्ण आठवडा. डब्लिन ते डब्लिन."

"मास्तर, राखणदाराला हद्दीभायेर काडत नाय कोन."

"तुम्हाला तिकडची कल्पना नाही काका. सांगा मी म्हणतो तसं."

"बगा हां. शब्द तुमचा." आणि त्यांनी सांगितलं. मी बाजूला उभा राहून एकेक मुक्काम पुरवत होतो आणि ते तो देवीच्या कानावर घालत होते. "गालवे नावाच्या गावात संगं ऱ्हा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "डिंगल म्हून जागा हाय, थयसर वळणाला जप म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळा आयर्लंड सांगून झाला. नारळ फुटला. शेवटचं "व्हय म्हाराजा" म्हणून सगळे गप्प झाले, आणि मग बाहेरून, वडाच्या अंगानं, आणखी एक "व्हय" आलं. जरा उशिरा आणि जरा खालच्या सुरात.

आम्ही बाहेर येऊन पाहिलं. वडाखाली कुणी नव्हतं. पारंबी तेवढी हलत होती, आणि वारा अजिबात नव्हता.

परत निघालो तेव्हा सड्यावर धुकं उतरलं होतं. श्रावणातलं सड्यावरचं धुकं ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. कातळ दिसत नाही, रस्ता दिसत नाही, स्वतःच्या गाडीचं नाकसुद्धा दिसत नाही. मी गाडी अगदी हळू चालवत होतो. वेशीचा दगड मागे पडला आणि गाडीनं बोंब मारायला सुरुवात केली. टिंग, टिंग, टिंग.

"ताई, पट्टा लाव."

"लावलाय की रे," मागून ताई म्हणाली.

मी स्टिअरिंगमागच्या पडद्यावर बघितलं. मागच्या सीटवर डावीकडे ताईची खूण हिरवी होती. उजवीकडची लाल होऊन लुकलुकत होती. तिथे कुणीतरी बसलंय आणि त्यानं पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं.

"ताई, तिथे पिशवी ठेवलीयस का?"

"पिशवी माझ्या मांडीवर आहे." मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "दिगू, इथली गादी दबलीय रे."

मी गाडी थांबवली. उतरून मागचं दार उघडलं. सीट रिकामी होती. पण गादीला खरंच खड्डा पडला होता. मोठा. आणि गाडीत आमच्यापैकी कुणी ओढत नसताना विडीचा वास भरला होता.

"दमट हवा," मी म्हणालो. "सेन्सरमध्ये पाणी जातं." भूगोलाच्या माणसाला हवामानाचा मोठा आधार असतो. ताई पिशवी छातीशी धरून पुढे आली, शुभाच्या मांडीवर जवळजवळ बसलीच, आणि तशाच अवस्थेत, वाजणाऱ्या गाडीतून आम्ही रत्नागिरी गाठली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं सगळं तपासलं. "सेन्सर एकदम ओके आहे सर." मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "मागे बसलेले काका उतरले नाहीत. त्यांना चहा विचारू का?"

मी गाडी घेऊन तडक घरी आलो. आमच्या सोसायटीतला कुत्रा एरवी पोस्टमनपासून पालिकेच्या गाडीपर्यंत कुणालाही सोडत नाही. तो त्या दिवसापासून आमच्या गाडीपाशी पाय दुमडून बसायला लागला, आणि मागच्या काचेकडे एकटक बघत राहायचा. सकाळी गाडीच्या काचा आतून धुक्यानं भरलेल्या असायच्या. मागच्या उजव्या काचेवर मात्र तळव्याएवढी जागा पुसलेली असायची. आतून. कुणीतरी आत बसून बाहेर बघत असल्यासारखी.

"व्हिसा कधी येणार हो?" शुभा म्हणाली. "त्यांना किती दिवस असं ताटकळत ठेवायचं?"

आठवडाभरात भिकाजीकाकांचा फोन आला. पलीकडून नुसता गलका.

"मास्तर, काठी वाजत नाय!"

"कुणाची?"

"राखणदाराची! तुमी त्याला घेऊन गेलाव, न् हद्द उगडी पडली. बिबट्या परवा शाळंच्या पडवीत येऊन बसला. गुरा वेस वलांडून पार दुसऱ्या गावात जातात. दिवं लागल्यावर कोन भायेर पडत नाय. सगला गाव कान लावून बसताय, पन काय ऐकायलाच येत नाय!"

ती शेवटची गोष्ट त्यांनी ज्या आवाजात सांगितली, त्यानं माझ्या अंगावर काटा आला. बिबट्याचं एक वेळ समजू शकतो. पण पिढ्यान्‌पिढ्या रोज ऐकू येणारा आवाज बंद झाला, आणि सगळं गाव अंधारात बसून ती शांतता ऐकतंय, हे काही मला झेपेना.

राखणदाराला परत सोडायचं ठरलं. आम्ही तिघं सकाळीच निघालो. (ताई पुढे, शुभा चालवायला. मी मागे, डाव्या दाराला पालीसारखा चिकटून.) वेशीच्या दगडापाशी गाडी थांबली. धुकं एवढं, की दगडसुद्धा असून नसल्यासारखा. मी उतरलो, मागचं उजवं दार अदबीनं उघडलं आणि रिकाम्या सीटला म्हणालो, "आपलं गाव आलं. उतरावं."

काही झालं नाही. लांब कुठेतरी कावळा ओरडला.

"तसं नाही हो," शुभा म्हणाली. "पाहुण्याला कुणी असं उतरवतं का? जरा गोड बोला."

मी गोड बोललो. मग कळकळीनं बोललो. मग शाळेतल्या आवाजात बोललो! शेवटी धुक्यात, भर सड्यावर, एका गाडीच्या सीटला हात जोडून मी उभा होतो आणि मागून आलेला एक दुचाकीवाला "काय मास्तर, बरंय ना?" असं विचारून न थांबता निघून गेला. मी दार लावलं. शुभानं गाडी पुढे घेतली. टिंग, टिंग, टिंग.

देवळात भिकाजीकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "कसा उतरंल? तुमी शब्द घेतलाव त्याच्याकडून. सगली गावां सांगून शब्द घेतलाव. ती फिरून झाल्याबिगर तो उतरायचा नाय. आता न्यायलाच होवा."

"नेऊ," मी म्हटलं. "बसतील मागे ताईशेजारी."

"शेजारी?" भिकाजीकाका माझ्याकडे बघतच राहिले. "मास्तर, सात फूट मानूस तो. काठी त्याच्यापेक्षा लांब. घोंगडी निराळी. त्याला आख्खी मागची सीट लागंल! न् बाईमानसाच्या अंगाला अंग लावून बसंल व्हय तो?"

मी मोठ्या गाडीसाठी त्याच दिवशी खटपट केली. मोठ्या होत्या त्या सगळ्या गिअरच्या. ऑटोमॅटिक एकही नाही. म्हणजे पुढे दोन माणसं, मागे राखणदार, आणि झालं. तिसऱ्या माणसाला जागाच नाही. आणि तिसरं माणूस म्हणजे कोण, हे कुणी बोलायच्या आधीच ताई म्हणाली, "मी राहते रे. तुम्ही दोघं जाऊन या. मला काय, फोटो दाखवा."

रात्री जेवताना तिनं सहलीसाठी घेतलेला नवा स्वेटर परत पिशवीत घातलेला मी पाहिला. घडीसुद्धा अशी नीट घातली होती, की तो कुणाला तरी परत द्यायचा असावा. मला स्वतःची इतकी चीड आली की मी ताटावरून उठलो. जिला न्यायचं म्हणून योजना केली, त्या योजनेनं तिलाच बाहेर काढलं! चूक माझ्या तोंडाची, आणि सीट गेली ताईची. तिच्या माणसानं तिला दाखवायचं कबूल केलं होतं. ते मी तिला दाखवणार होतो. आता ते बघणार होता आमच्या वेशीवरचा एक सात फुटी गृहस्थ, ज्याला समुद्राचं काडीचं कौतुक नव्हतं.

"देवीला कौल लावू," मी शुभाला म्हणालो. "ताईची जागा देवीच देईल."

कौल लावायची आमच्याकडची पद्धत अशी, की देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पुन्हा आम्ही सगळे देवळात. मी घरून निघतानाच प्रश्न घोटून ठेवला होता, इतका बिनतोड की देवीला पळवाटच उरू नये. म्हटलं, "काका, देवीला असं विचारा: या सहलीच्या गाडीत आमच्यापैकी जो कुणी जास्त आहे, त्याला तूच खाली उतरव. तू सांगशील ते आम्हाला मान्य."

"नक्की?" भिकाजीकाका म्हणाले. "मागल्या खेपेला बी तुमी असाच बोल्लेलाव."

"नक्की! मला खात्री आहे की देवी राखणदारालाच उतरवणार."

"त्याचा नाव घेता येनार नाय. तो शब्दात अडकलाय. तुमी तिगांचाच विचारनार."

मी थोडा चपापलो. पण मग विचार केला, ताईला देवी काढणार नाही, एवढी निर्दय नाही ती. शुभाला काढलं तर शुभा देवीला बघून घेईल. आणि मला काढण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी कोण चालवणार? रस्ते कुणाला पाठ आहेत? मी म्हणजे त्या सहलीचा कणा!

बाहेरचं धुकं सभामंडपात शिरलं होतं. समईची ज्योत सरळ उभी होती, हलत नव्हती. भिकाजीकाकांनी कळ्या लावल्या.

"बा देवी म्हाराजा! ही तुजी लेक सुलभाताय, ही गाडीत जास्त हाय?"

आम्ही वाट पाहिली. डावी कळी सुटली आणि टपकन खाली पडली. नाही! माझे डोळे भरून आले. ताईनं पदर तोंडाला लावला.

नव्या कळ्या लागल्या. "ही तुजी सून शुभांगी, ही जास्त हाय?"

डावी कळी. नाही. शुभानं माझ्याकडे बघितलं. मी देवीकडे बघितलं.

भिकाजीकाकांनी परत कळ्या भिजवल्या, पाषाणाला लावल्या आणि घसा साफ करून तोंड उघडलं. ते "बा" म्हणायच्या आत उजवी कळी पडली.

"काका, तुम्ही प्रश्न विचारलाच नाही!" मी ओरडलो.

"मी नाय विचारला," भिकाजीकाका कळीकडे बघत म्हणाले, "पन देवीन सांगितलान."

मी खूप वाद घातला. कळी नीट चिकटली नव्हती, हवा दमट होती, सगळं म्हणून पाहिलं. कुणी ऐकेना. उलट सभामंडपातल्या एकानं विचारलं, "मग राखणदार नाय तवा हद्द कोन राखनार?" सगळे माझ्याकडे वळले. ज्यानं राखणदार नेला, तोच मागे उरतोय, याच्याइतकी सोयीची गोष्ट त्यांना दुसरी दिसत नव्हती. भिकाजीकाकांनी कोपऱ्यातली एक काठी आणून माझ्या हातात दिली. दुसऱ्याच दिवशी तिघांचे व्हिसा आले.

आणि मग त्या दोघी, की ती तिघं, आयर्लंडला गेली. मी गावी राहिलो. माझी सात दिवसांची योजना शुभाच्या पर्समध्ये गेली आणि मी रोज दिवेलागणीला काठी आपटत वेशीवरून फिरायला लागलो. पहिल्या संध्याकाळी फार भीती वाटली. धुक्यात काही दिसत नव्हतं. नुसती माझी काठी कातळावर ठक, ठक. परतीच्या वाटेला मात्र मला वाटलं की मागे आणखी कुणाची तरी पावलं आहेत. मी थांबलो की ती थांबत, चाललो की चालत. मागे बघायचं नसतं, हे मला माहीत होतं, आणि तशी माझी इच्छाही नव्हती.

सकाळी गावातली माणसं खूश. "मास्तर, काय झकास वाजवलीत काठी! घुंगरासकट!"

माझ्या काठीला घुंगरू नव्हते. मी तडक भिकाजीकाकांकडे गेलो.

"तसा काय नाय," ते म्हणाले. "पलीकडल्या हद्दीचा आला असंल. बगायला, नवीन कोन लागलाय कामाला."

तिकडे सगळं ठीक चाललं होतं. शुभा फोनवर सांगायची. विमानतळावरून गाडी घेऊन निघाल्याबरोबर टिंग, टिंग सुरू झालं. ताईनं मागे वळून रिकाम्या सीटचा पट्टा लावला, आवाज बंद झाला, आणि मग वाटभर काही त्रास नाही. समोरून मोठी गाडी आली की शुभा आपसूक डावीकडे होते. कशी होते ते तिलाही कळत नाही. कुठेतरी एक जुनं काटेरी झाड रस्त्याच्या कडेला एकटंच उभं होतं. तिथे गाडी आपोआप बंद पडली आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली. "दोघं भेटले असतील," ताई म्हणाली, अगदी साध्या आवाजात.

कड्यांवर पोचल्या तेव्हा ताईनं स्वतः फोन लावला. वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं. "दिगू," ती म्हणाली, "ते म्हणाले होते त्यापेक्षा फार उंच आहे रे. हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतंन्." मग ती बराच वेळ रडली, आणि इकडे वेशीच्या दगडावर बसून मीही रडलो. त्या एका फोनपुढे माझं सगळं आयर्लंड फिकं पडलं, हे मी शपथेवर सांगतो.

शेवटच्या दिवशी परत शुभाचा फोन. तिचा आवाज एवढा मोकळा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"अहो, एक ठरवलंय. पुढच्या वर्षी स्कॉटलंड. असंच, गाडी घेऊन. तिघांनी."

"वा!" मी म्हणालो. माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तू, मी आणि ताई."

फोनवर गाडीच्या इंजिनाचा आवाज तेवढा येत होता. आणि मग मागच्या सीटवरून कुणीतरी हलकेच खाकरलं. भारदस्त, पुरुषी आवाज होता. सांगायला लाज वाटते, पण त्या खाकरण्यात मला माझ्याबद्दलची कीव ऐकू आली.